तांडेलचा शब्द

कंपनीच्या बसमध्ये चढण्यापूर्वी तो खाली वाकायचा. उजव्या हाताची दोन बोटे पायरीला लावायचा, मग कपाळाला, आणि मगच पाय वर टाकायचा. मागे ताटकळलेली माणसे ओरडायची, "अरे ए, बस आहे ती, होडी नाही!" तो मागे न बघता म्हणायचा, "नेणारी आहे ना? मग झालं."

ही आठवण मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लग्नकार्यात, जुन्या सहकाऱ्यांच्या जेवणात, आणि तो गेल्यावर शोकसभेतही. लोक हसतात आणि मी खाली बसतो. यापुढचे सांगायचे मी इतकी वर्षे टाळले. शोकसभेत तर टाळले त्याहून वाईट केले, खोटे सांगितले. आता माझेही फार दिवस उरलेले नाहीत, आणि ज्यांना सांगायला हवे होते ते दोघेही राहिले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो.

कोलशेतच्या आमच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट विभागात होता, मी मेन्टेनन्समध्ये. मी डोंबिवलीहून बसमध्ये बसायचो, शीळफाट्यावरून बस कळव्याला यायची, तिथे तो चढायचा. खाडीच्या कडेला त्याचे घर. डिप्लोमा झालेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पण जातीने कोळी, एवढे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याचे नाव 'तांडेल' ठेवले. होडीवरच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. नाव चिकटले ते कायमचे. पगाराच्या पाकिटावर सोडून त्याचे खरे नाव मी कुठे ऐकले असेल असे वाटत नाही. मीही इथे ते लिहीत नाही.

त्याला हे नाव आवडायचे. कॅन्टीनमध्ये बुधवारी मासे असायचे, तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. तो चमच्याने तुकडा उलटा करायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. एकदा म्हणाला, "हा मासा पाण्यात नव्हता रे. हा फायलीत होता." कॅन्टीनच्या मॅनेजरने ते इतके मनाला लावून घेतले की महिनाभर अंडीच.

आमचा तिसरा दामले. अकाउंट्सला. बोलका, खोडकर, घरी शुद्ध शाकाहारी आणि बाहेर आमच्या डब्यांवर नजर ठेवून असलेला. दामलेचा एक आवडता खेळ होता. कुणी नवा माणूस आला की तो म्हणायचा, "तांडेल, जरा कोळी बोलून दाखव." आणि तांडेल उभा राहून, कमरेवर हात ठेवून, आईच्या आवाजात सुरू करायचा, "कवा आयलास रं? जेवलास का नाय? असा कय उबा रेलास खांबासारका?" सगळे पोट धरून हसायचे. एरवी तो आमच्याशी कधी तसे बोलत नसे. आमच्याशी बोलायची त्याची मराठी आमच्यासारखीच होती. घरची बोली ही आमच्यासाठी नक्कल होती. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. युनियनच्या एका मीटिंगमध्ये प्रत्येकजण बोलत होता आणि ठरत काहीच नव्हते. तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "आमच्यात बरं असतं. होडीवर तांडेल म्हणाला मागं, की मागं. तिथं सभा भरत नाही. जाळं अर्धं पाण्यात असलं तरी ओढायचं आणि फिरायचं. बाबांनी एवढा एकच कायदा शिकवला मला."

बाबांची होडी मी पाहिली होती. त्याच्या घरामागे चिखलात कलंडलेली, तिच्यात कोंबड्या बसायच्या. खाडीतले मासे संपले तशी तीही संपली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा त्याच्या डब्यात खाडीतल्या कोलंब्या असायच्या, चिखलातल्या निवट्या असायच्या. हळूहळू त्याच्या डब्यातही बाजारातला पापलेट यायला लागला. तो तक्रार करत नसे. फक्त बस पुलावर आली की मान दुसरीकडे वळवायचा. आमच्या कारखान्याचे पाणी कुठे जाते ते आम्हा दोघांनाही माहीत होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही तिघे महिन्यातून एकदा भेटायचो. दामलेची मुलगी नॉर्वेला दिलेली. तिचा नवरा हौशी. त्यानेच टूम काढली. उन्हाळ्यात उत्तरेला या, तिथे फियॉर्ड आहेत. डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्र. तिथे पाण्यावर लाकडी घर भाड्याने मिळते, सोबत बोट मिळते, दिवसभर मासे पकडायचे. दामलेने हे सांगितले तेव्हा तांडेलने हातातला चहा खाली ठेवला.

"म्हणजे खाडीच ना?" त्याने विचारले.

"खाडीच. पण स्वच्छ."

"आणि मासे आहेत?"

"जावई म्हणतो, गळ टाकायचा अवकाश."

त्याने कप उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "मासे असलेली खाडी एकदा बघायला पाहिजे रे."

वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, विरोध होता. त्याला ब्लडप्रेशर होते, गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्या विसरायची सवयही चालू होती. निघायच्या दिवशी मी गाडी घेऊन त्याला न्यायला गेलो, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी त्याला अडवले.

"मना शब्द द्या. जराबी बरा नाय वाटला तर लगेच मागं फिरायचा. मजा चाललीय म्हनून बसून रेवाचा नाय."

"दिला."

"असा नाय. हातावर हात ठेवून."

त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, पण हात ठेवला. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही ऐकलंत ना? ते हट्टी आहेत. तुमच्या भरवशावर पाठवते."

"अहो, मी आहे ना," मी म्हणालो.

विमानाच्या दारातही तो वाकला. उंबऱ्याच्या पट्टीला बोटे लावली, कपाळाला लावली. हवाई सुंदरीला वाटले त्याचे काही पडले. तीही वाकून शोधायला लागली.

ते गाव म्हणजे पाच-पंचवीस लाल घरे, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे काचेसारखे पाणी. सूर्य मावळतच नव्हता. जावयाने आम्हाला तिथे सोडले, घराच्या मालकीणबाईंशी ओळख करून दिली आणि तो कामावर परत गेला. गावाच्या कडेला लाकडाच्या उंच मांडवांवर कॉड मासे शेपटीला बांधून वाळत टाकलेले होते. तांडेल ते बघून जागीच थांबला.

"अरे, ही तर वलांडी! आमच्याकडे बोंबील वाळवतात तशीच. फक्त इथले बोंबील जरा खाऊन-पिऊन आहेत."

तो मांडवाखाली गेला आणि वर तोंड करून वास घेत उभा राहिला. आम्ही हाका मारल्या तरी आला नाही. आला तेव्हा डोळे पुसत होता. "आईच्या लुगड्याला हा वास असायचा," म्हणाला.

मालकीणबाई आमच्याच वयाच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे तरुणांना बोट चालवायला परवाना लागतो, आमच्या वयाच्या माणसांना लागत नाही. दामले खूश. "म्हातारपणाचा पहिला फायदा!" बाईंनी आम्हाला न बुडणारे जाड पोशाख चढवले, यंत्र दाखवले, पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा दाखवला. मग त्यांनी इंग्रजीत विचारले, "कॅप्टन कोण?"

आम्ही दोघांनी तांडेलकडे बोट केले. तो फुगला. जॅकेट खाली ओढून ताठ झाला. पण बोटीत आल्यावर मला म्हणाला, "सुकाणू तू धर. इंजिनं तुझी. हात तुझा, शब्द माझा. कबूल?"

"कबूल, तांडेल."

त्याने वाकून दोन बोटे पाण्यात बुडवली आणि कपाळाला लावली. "आयला, बर्फ आहे रे!"

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर झाले त्याने ते दिवस पुसले जाऊ नयेत. त्याला मासे लागायचे, दामलेलाही लागायचे, मला एकही नाही. त्यावर माझी भरपूर टिंगल. "तू गळाला फाईल लाव, वाचायला तरी येतील," दामले म्हणायचा. संध्याकाळी तांडेल घरून आणलेला मसाला काढून कालवण करायचा, दामले "घरी कळता कामा नये" म्हणत दोनदा वाढून घ्यायचा. कॉडची चव तांडेलला पटली नव्हती. "थंडीत राहून राहून बिचाऱ्याचा स्वभावच गेलाय. मिरची लावली तरी काही बोलत नाही."

एका संध्याकाळी दामले आत झोपला होता, आम्ही दोघे धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. तेव्हा त्याने मला ते सांगितले.

"एक सांगू? मला दर्यात बोट लागते."

मी हसलो.

"खरंच. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. काकाच्या मोठ्या होडीवर बाहेर दर्यात नेला मला. सगळा वेळ जाळ्यावर आडवा पडून ओकत होतो. खलाशी हसले. बाबा हसले नाहीत. परत आल्यावर आईला म्हणाले, याला शाळेत घाल. म्हणून मी शिकलो. आमच्या घरात मोठी गोष्ट झाली ती, पहिला डिप्लोमा. पण कशामुळे झाली ते कुणाला माहीत नाही. बायकोलाही नाही. तांडेल म्हणता ना मला तुम्ही सगळे!" तो पाण्याकडे बघत होता. "दामलेला सांगू नको हां. तो मला मरेपर्यंत सोडणार नाही."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

"इथं लागत नाही. ही खाडी आहे. खाडीत मला कधीच नाही लागत."

हे त्याने स्वतः मला सांगितले होते. खाडीत लागत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही फियॉर्डच्या तोंडाकडे जरा लांब गेलो. पाणी शांत होते, ताटात ओतल्यासारखे. पडद्यावर माशांचे दाट ढग दिसत होते. आम्ही इंजिन बंद करून गळ सोडले. थोड्या वेळाने तांडेलच्या हातातून गळाची काठी सुटून पाण्यात पडली. त्याने ती पडताना पाहिली, पण धरायला हात पुढे केला नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात दुसऱ्याचा असावा तसा.

"गेली काठी! आता बाईंना काय तोंड दाखवणार, कॅप्टन?" दामले म्हणाला.

"हात चालत नाहीये," तो म्हणाला.

"थंडीने बधिर झाला असेल. खिशात घाल," मी म्हणालो.

आणि त्याच वेळी माझ्या गळाला ओढ बसली. काठी कमान झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. तुम्हाला हे बालिश वाटेल, आणि ते होतेच. पण सत्तरीच्या पुढे माणसाला फारसे काही पहिल्यांदा होत नाही. मी दोन्ही पाय रोवून उभा राहिलो. तांडेल कडेवर वाकून ओकला. मग माझ्याकडे वळून, जड जिभेने, म्हणाला,

"मना बरा नाय वाटं रं. होरी मागं घे."

घरच्या बोलीत. मी शेजारी उभा होतो, सुकाणूजवळ. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. इतक्या वर्षांत नक्कल सोडून तो माझ्याशी त्या भाषेत कधी बोलला नव्हता. ती भाषा त्याच्या तोंडी का आली असेल, एवढा एक विचार मला करता आला असता. पण दामले खदखदून हसला, "वा! कोळी बोलून दाखवतोय!" आणि मलाही वाटले, की हा ओकल्याची लाज वाटून विनोद करतोय.

आणि मी काठी ओढता ओढता ओरडलो, "दामले, तुला गंमत सांगतो! आपल्या तांडेलला बोट लागते! लहानपणापासून!"

दामले मांडीवर थापा मारून हसला. "काय सांगतोस! कोळ्याला बोट लागते? हे म्हणजे अति झालं! आता जन्मभर पुरेल हे मला."

तांडेलने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर मी आज बरा असतो. त्याने फक्त पाहिले आणि तो बाकावर बसला. त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. बोलता येत नव्हते म्हणून, की माझ्या बोलण्यामुळे, हे मला कधी कळणार नाही. तेव्हा त्याला बोलता येत होते, आत्ताच तो बोलला होता, एवढे मला माहीत आहे.

मासा वर आला. कॉड, माझ्या मांडीएवढा जाड. दामलेने फोटो काढला. त्यात मी दोन्ही हातांनी मासा धरून दात काढतोय आणि मागे तांडेल मान खाली घालून बसलाय.

इथपर्यंतचे दामलेलाही माहीत आहे. पुढचे त्याच्या लक्षात राहिले नाही, किंवा त्याने तसे ठरवले असेल. मासा बोटीत पडल्यावर मी सुकाणू धरले नाही. मी गळ पुन्हा पाण्यात सोडला. मला वाटले, इथे आणखी आहेत.

मग तांडेल बाकावरून हळूच कडेला घसरला. मी त्याचा चेहरा धरून माझ्याकडे वळवला, तेव्हा त्याचा अर्धा चेहरा माझ्याकडे वळल्यासारखा वाटलाच नाही.

परत येताना मी इंजिन ओरडेपर्यंत चालवले. बाईंनी धक्क्यावरून एकदा बघितले आणि फोन लावला. अॅम्ब्युलन्स आली, दोन माणसांनी त्याला स्ट्रेचरवर घेतले. आत सरकवताना त्याचा डावा हात बाहेर आला आणि अॅम्ब्युलन्सच्या पायरीकडे चाचपडायला लागला. बोटे पोहोचली नाहीत. माणसांनी त्याचा हात घडी करून आत ठेवला आणि दार लावले.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मुलीने मला विचारले, "हे कधी सुरू झालं?" मी तिला खरे सांगितले. काठी कधी पडली, तो काय म्हणाला, त्यानंतर आम्ही किती वेळ थांबलो. इंग्रजीत खरे बोलायला सोपे गेले. तिने मान डोलावली. दोष दिला नाही. "लवकर आलं तर नेहमीच बरं," एवढेच म्हणाली, आणि निघून गेली.

मग वहिनींना फोन लावला. मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, उजवी बाजू गेलीय, जिवाला धोका नाही, हे सगळे मी सांगितले. त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. त्यांनीच हट्ट केला असेल ना? तुम्ही परत फिरू म्हणाला असाल, आणि त्यांनी ऐकलं नसेल."

दामले माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघितले. तो जमिनीकडे बघत होता.

"हो, वहिनी," मी म्हणालो.

बाकीचे सगळे त्या एका शब्दावर उभे राहिले. मला वेगळे खोटे रचावेही लागले नाही. दामलेने ते पुढे रंगवले. "तांडेल म्हणाला पुढे! होडीवर तांडेलचा शब्द शेवटचा, मग आम्ही काय करणार?" कोळीवाड्यातही लोकांना ते पटले. तिथे कायदाच तसा. आम्ही त्याचाच कायदा उलटा करून त्याच्या गळ्यात घातला. दामले हल्ली मुलीकडेच असतो. फोनवर आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो.

कित्येक आठवड्यांनी त्याला घरी आणले. चालणे गेले, उजवा हात गेला, वाचा गेली. ठाण्याची एक बाई बोलणे शिकवायला यायची. तिने पुष्कळ खटपट केली. शेवटी एकच शब्द परत आला. 'हो'. पाणी हवे का, हो. भूक लागली का, हो. दुखतंय का, हो. नको असले तरी हो. "त्यांना सगळं समजतं," ती बाई म्हणाली. "आठवतंही सगळं. फक्त बाहेर येताना एवढा एकच शब्द येतो."

मी पंधरा दिवसांनी एकदा जायचो. शीळफाट्याला बस ट्रॅफिकमध्ये अडकली की मला बरे वाटायचे. तो मागच्या पडवीत खुर्चीवर, खाडीकडे तोंड करून बसलेला असायचा. भिंतीवर बोटीतला तो फोटो. वहिनींनी त्यातून मला आणि माशाला कापून फक्त त्याचा भाग मोठा करून घेतला होता. "किती रमलेत बघा. मासा बघतायत वाकून," त्या मला म्हणाल्या. त्यांना तसे वाटत होते. धडधाकट असतानाचा त्याचा तो शेवटचा फोटो.

भरवताना त्या त्याच्याशी भांडायच्या. प्रेमाची माणसे भांडतात तसे नाही. खरे.

"हातावर हात ठेवून शब्द दिलात मना. दिलात का नाय?"

"हो."

"तुमचे दोस्त मागं चला, मागं चला करून सांगत होते. सांगत होते ना?"

"हो."

"आनि तुमी ऐकलात नाय."

"हो."

"हो काय हो! आता हो बोलून काय उपयोग?" असे म्हणून त्या चमचा ताटात आपटायच्या, आणि मग पदराने त्याचे तोंड पुसायच्या. त्याचे डोळे तेव्हा माझ्यावर असायचे. मी चहा प्यायचो.

एकदा वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"तुला आठवतं, तू मागं घे म्हणाला होतास?"

"हो."

"मी वहिनींना सांगू? खरं काय झालं ते?"

"हो."

मी दाराकडे बघितले, वहिनी अजून आल्या नव्हत्या. मग मी त्याहून नीच गोष्ट केली. मी विचारले, "की नको सांगू? जाऊ दे म्हणतोस?"

"हो," तो म्हणाला. आणि त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले. किती घट्ट धरले! वहिनी पिशव्या घेऊन आल्या तरी सोडेना. "सोडा हो त्यांना, घरी जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि त्याची बोटे एकेक करून सोडवली. मी बसमध्ये बसलो आणि स्वतःला सांगितले, की तो जाऊ दे म्हणाला. दोन 'हो'पैकी मला सोयीचा होता तो मी घरी घेऊन आलो.

महामारीत जाणे बंद झाले, आणि मला ते निमित्त पुरले. तो गेला तेव्हा खाडीला उधाण होते, पाणी पडवीपर्यंत आले होते, असे कुणीतरी फोनवर सांगितले. नंतर कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी शोकसभा ठेवली. मला बोलायला उभे केले. मी बसची पायरी सांगितली, फायलीतला मासा सांगितला, वलांडी सांगितली. सभा हसत होती, रडत होती. मला ते आवडत होते, हेही लिहितो. आणि मग शेवट कसा करावा ते न सुचून मी म्हणालो, "तांडेल तो तांडेल. शेवटच्या दिवशीही म्हणाला, पुढे चला!" टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या टेबलावरच्या फोटोकडे बघत होत्या. माणूस गेल्यावरही त्याच्यावरचा राग न उतरलेला चेहरा तुम्ही कधी पाहिला असेल, तर मला वर्णन करायची गरज नाही.

मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. मी भेटायला गेलो. पडवीत आता दोन खुर्च्या रिकाम्या. त्या आतल्या खोलीत पलंगावर होत्या, हाडांची जुडी झालेली, पण मी आल्याचे कळताच सुनेला म्हणाल्या, "भाऊजींना कोरा चहा नको, दूध घाल." मग बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

"आजाराचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं सगळं केलं मी, त्याचंही काही नाही. पण माणसानं हातावर हात ठेवून दिलेला शब्द समोर मासे दिसल्यावर मोडला. म्हणजे माझ्यापेक्षा पाणी मोठं होतं त्यांना. एवढी वर्षं संसार केला, आणि शेवटी हे कळलं. हे घेऊन जाते मी."

मी तोंड उघडले. मला खरेच वाटते की मी उघडले होते. सून चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला, साखर पुरे का विचारले. मी पुरे म्हणालो. कप रिकामा होईपर्यंत वहिनींचा डोळा लागला होता. त्या झोपल्यात, पुढच्या वेळी सांगू, असे म्हणून मी उठलो. पुढची वेळ आली नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडे जाताना बसमध्ये मी ते वाक्य पाठ केले होते. शीळफाट्यापासून कळव्यापर्यंत, ओठ हलवत. शेजारच्या माणसाला वाटले असेल, म्हातारा जप करतोय. अजून ते मला तसेच पाठ आहे.

वहिनी, त्याने शब्द मोडला नाही. तो मागे घे म्हणाला होता. सुकाणू माझ्या हातात होते, आणि मी होडी वळवली नाही. मला माफ करा.